दबकत्या पावलांचे ज्ञान वाया का जावे?

थंडी पडली, ज्वारी पोटरीत आली आणि उजनीचे पाणी हळूहळू उतरू लागले की काठावरचा गाळ उघडा पडतो. मग करमाळा-माढ्याच्या बाजूला आणि पलीकडे इंदापूर-दौंडच्या बाजूला पाखरांची झुंबड उडते. तलवार बदक, थापट्या, भिवई बदक, चक्रवाक आणि डोक्यावर काळे पट्टे मिरवणारा पट्टकादंब अशी ही मंडळी. यातली कित्येक पाखरे मध्य आशिया, तिबेट, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात. आपल्याकडचे हळदीकुंकू बदक, अडई, वारकरी, टिबुकली ही तर घरचीच. हिप्परग्याच्या तलावावर, गावोगावच्या पाझर तलावांवर आणि बंधाऱ्यांवरही थोड्याफार फरकाने हेच चित्र दिसते.

आणि याच दिवसांत, वाचकहो, भल्या पहाटे बांधाआडून कुणीतरी दबकत पाण्याकडे जात असते. कुणाच्या हातात जाळे असते, कुणाच्या हातात फासे, कुणाच्या खांद्यावर बंदूक. कायद्याने हे केव्हाच बंद झाले आहे. तरीही ते पुरते थांबलेले नाही, हे तलावाकाठच्या प्रत्येक गावाला ठाऊक आहे आणि बोलत मात्र कुणी नाही. आज या पानावर आम्ही त्याविषयीच बोलणार आहोत. मात्र 'शिकार करू नका' एवढे सांगून थांबायचे नाही. शिकाऱ्याच्या अंगी जी विद्या आहे तिचे आपण काय करणार, हा आमचा खरा प्रश्न आहे.

ही विद्या साधी नव्हे

पाणपाखराच्या जवळ पायी जाणे म्हणजे काय असते, हे ज्याने केले त्यालाच कळते. बदकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही अंगांना. मान न वळवता त्याला जवळपास चहूकडचे दिसते. त्यातून ते एकटेदुकटे नसते. शंभर बदके चरत असली तरी दोनचार माना कायम वर असतात. पट्टकादंबाच्या थव्यात तर पहाऱ्यावरची पाखरे सहज ओळखू येतात. बाकीची हरभऱ्याच्या कोंबात चोच घालून बसलेली आणि ही ताठ मानेने उभी. शिवाय टिटवी असतेच. माणूस दिसला की ती असा काही गिल्ला करते की अख्खा काठ सावध व्हावा. ज्याला टिटवी चुकवता आली नाही त्याने घरी जावे.

जुनी जाणती माणसे म्हणून आधी वारा बघत. चिमूटभर माती सोडायची आणि ती कुठे जाते ते पाहायचे. पाखरे वाऱ्याकडे तोंड करून बसतात आणि उडतातही वाऱ्याकडेच. वारा आपल्याकडून पाखरांकडे वाहत असला तर पावलाचा आवाज, वाळल्या काटकीची कडकड आपल्या आधी तिथे पोचते. म्हणून वाऱ्याच्या खालच्या अंगाने, नाहीतर आडव्या अंगाने जायचे. दुसरी गोष्ट उन्हाची. सकाळचा सूर्य पाठीशी ठेवला की पाखराच्या डोळ्यावर तिरीप येते आणि आपल्याला मात्र लख्ख दिसते. तिसरी गोष्ट आडोशाची. तलावाचा बांध, शेताची ताल, पाणकणसाचे बेट, बेशरमीची झुडपे, वेडी बाभूळ, जे सापडेल ते घ्यायचे. पण बांधावर उभे राहायचे नाही. आभाळाच्या उजेडात माणसाची आकृती उमटली की खेळ संपला. बांधाच्या माथ्याला पोटावर सरपटत जायचे आणि डोके वर काढायचे ते गवताच्या झुबक्याआडून, तेही इंचाइंचाने.

खरी परीक्षा चालण्यात असते. सरळ पाखरांच्या रोखाने गेले की ती बिथरतात. आपण दुसरीकडेच निघालो आहोत असे दाखवत तिरके तिरके जवळ सरकायचे. माना खाली आहेत तोवर चालायचे आणि माना वर झाल्या की आहे त्या पवित्र्यात थिजून जायचे. एक पाय उचललेला असला तर तो तसाच. चिखलात पाय दाणकन टाकायचा नाही. आधी चवडा टेकवून अंदाज घ्यायचा, मग भार द्यायचा. पाण्यात उतरले तर पाऊल पाण्याबाहेर काढायचेच नाही, तळाशी सरकवत न्यायचे, म्हणजे डुबुक आवाज होत नाही. आणि कान उघडे ठेवायचे. चरणाऱ्या बदकांचा एक मंद कलकलाट चालू असतो. तो एकाएकी थांबला की समजायचे, आपली चाहूल लागली. मग पाखरे काठापासून आत पोहू लागतात, माना ताठ होतात, डोकी वरखाली हलू लागतात आणि दुसऱ्या क्षणाला पाणी फडफडते. या खुणा ज्याला वाचता येतात त्याला पाखराच्या मनातले कळते, असे म्हटले तरी चालेल.

याहून कसबाच्या युक्त्याही आपल्या देशात होत्या. फासेपारधी बैल किंवा गाय पुढे घालून तिच्या आडून सावजाच्या जवळ जात. चरणाऱ्या जनावराला पाखरू भीत नाही, औत हाकणाऱ्यालाही भीत नाही, हे त्यांनी हेरले होते. देशाच्या अनेक भागांत मडक्याची युक्ती होती. पाण्यावर रिकामी मडकी काही दिवस तरंगत सोडायची. बदकांना त्यांची सवय झाली की एक दिवस माणूस डोळ्यांपुरती भोके पाडलेले मडके डोक्यावर घालून मानेएवढ्या पाण्यात उतरायचा आणि बदकाचे पाय धरून त्याला अलगद खाली ओढायचा. शेजारच्या बदकालाही पत्ता लागत नसे. ऐकायला गंमत वाटते. पण तासन् तास गार पाण्यात उभे राहण्याची चिकाटी आणि पाखरांच्या सवयींचा इतका बारीक अभ्यास कुठल्या शाळेत शिकवला जातो?

कायदा काय म्हणतो

या कौतुकाने कुणी गैरसमज करून घेऊ नये. पाणपाखरांची शिकार आज गुन्हा आहे. १९७२ सालचा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा काही पाखरांच्या शिकारीला परवाने मिळत. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची ती वाटही बंद झाली. २०२२ साली कायद्यात पुन्हा दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. त्यात दंडाची सर्वसाधारण कमाल मर्यादा २५ हजारांवरून १ लाखावर नेली आहे. कैद वेगळी. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यापक्ष्यांबाबत तर तीन ते सात वर्षांची कैद सांगितली आहे.

आणि शिकार म्हणजे फक्त गोळी घालणे नव्हे, हे नीट ध्यानात घ्या. जाळे लावणे, फासा मांडणे, आमिष टाकणे, विष घालणे, अंडी काढणे, घरटे मोडणे, एवढेच काय, यातले काही करण्याचा नुसता प्रयत्न करणे, हे सगळे कायद्याच्या भाषेत शिकारच आहे. पीक संरक्षणासाठी बंदुकीचा परवाना आहे म्हणून बदक मारता येते, असे कुणी समजत असेल तर त्याने तो समज काढून टाकावा.

विषारी दाण्याविषयी तर निक्षून सांगावेसे वाटते. फासेवाल्याला निदान पाखराची जात कळत होती. विष टाकणाऱ्याला ना जात कळते ना मोजमाप. त्या दाण्याने बदक मरते, बदक खाऊन कोल्हा, घार आणि गावचे कुत्रे मरते, आणि ते मांस चोरून विकले गेले तर माणसाच्याही पोटात जाते. शिवाय बर्ड फ्लूचा धोका आहेच. २००६ साली नवापूरला आणि २०२१ साली परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला कोंबड्यांच्या बाबतीत काय झाले ते आपण विसरलेलो नाही. रानातले मेलेले पाखरू हातात घेणे, सोलणे, शिजवणे हे आपल्या घराला आणि परसातल्या कोंबड्यांना दुखणे आणून देणे होय. मेलेली पाखरे दिसली तर हात न लावता वनखात्याला किंवा पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. वनखात्याचा १९२६ हा क्रमांक याचसाठी आहे.

मारणाऱ्याला धरा, पण विद्या मारू नका

इथवर बहुतेक वाचक मान डोलावतील. पुढचे म्हणणे काहींना रुचणार नाही, तरी ते सांगितले पाहिजे.

शिकारीचे नाव निघाले की गावात पहिले बोट पारध्याच्या पालाकडे जाते. हे बोट आजचे नाही. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, १९११ नंतर तो आपल्या मुंबई इलाख्यातही आला, आणि पोटासाठी रानोमाळ फिरणाऱ्या जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरातील सेटलमेंटच्या काटेरी तारा त्याच कायद्याच्या. १९५२ साली कायदा रद्द झाला, तारा गेल्या. मनातल्या तारा गेल्या का? मोटारीतून येऊन रात्री दिव्याच्या झोतात बार काढणारा हौशी पाहुणा 'साहेब' असतो आणि दोन तितर विकून मीठमिरची आणणारा पारधी 'चोर' असतो. कायदा दोघांनाही सारखाच लागू आहे आणि तो सारखाच लावला गेला पाहिजे. पण एकाची ती चैन आहे आणि दुसऱ्याच्या हाती पिढ्यान् पिढ्या तेवढीच एक विद्या आहे, हा फरक विसरून चालणार नाही. शिकार बंद केली हे योग्य झाले. मात्र ज्यांचे पोट तिच्यावर होते त्यांना त्या बदल्यात काय दिले, याचा हिशेब सरकारने आणि समाजाने कधी मांडलाच नाही.

आता ही विद्या चांगल्या कामाला लागू शकते का? लागू शकते, लागलेलीही आहे. डॉ. सालीम अली यांच्या पुढाकाराने बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने १९५९ साली पाखरांच्या स्थलांतराचा अभ्यास सुरू केला. पाखरे जिवंत पकडायची, पायात क्रमांकाचे कडे घालायचे आणि सोडून द्यायची. पण पकडणार कोण? तेव्हा बिहारमधल्या मीरशिकार या परंपरेने पाखरे धरणाऱ्या लोकांची मदत घेतली गेली. त्यांच्यातले अली हुसेन यांचे नाव तर पुढे परदेशापर्यंत गेले. पिसाला धक्का न लावता पाखरू धरण्याचे त्यांचे कसब पदवीधर शास्त्रज्ञांकडे नव्हते. जाळे तेच राहिले, त्यामागचा हेतू तेवढा बदलला.

दुसरे उदाहरण ओडिशातले. चिल्का सरोवराच्या काठी मंगलाजोडी नावाचे गाव आहे. एके काळी पाणपाखरांच्या शिकारीसाठी ते बदनाम होते. तिथल्या शिकाऱ्यांनीच पुढे पाखरांच्या रक्षणासाठी समिती केली. आज तेच लोक होडीतून पाहुण्यांना पाखरे दाखवतात, त्यावर घरे चालवतात, आणि २०१८ साली त्यांच्या कामाची जागतिक पर्यटन संघटनेनेही दखल घेतली. फार लांब कशाला? उजनीच्याच काठावर भिगवण, कुंभारगाव, डिकसळ भागातली मच्छीमार तरुण पोरे हिवाळ्यात पाहुण्यांना होडीतून रोहित पक्षी दाखवतात. धरणात ज्यांच्या बापजाद्यांची जमीन गेली त्यांना त्याच पाण्याने थोडा तरी आधार दिला.

आपल्या सोलापूरचे मारुती चितमपल्ली २०२५ साली गेले. वनखात्यात त्यांनी उभी हयात काढली, पुस्तके लिहिली, 'पक्षिकोश' केला. पण पाखरांची नावे, सवयी, खाणाखुणा ते केवळ इंग्रजी ग्रंथांतून शिकले नाहीत. रानात राहणाऱ्या आदिवासींकडून, जुन्या शिकाऱ्यांकडून, मासे धरणाऱ्यांकडून त्यांनी ते ज्ञान गोळा केले आणि त्यांचे ऋणही मानले. हा धडा आपल्या जिल्ह्याने तरी घ्यायला हवा.

मोजणी करायची तर दबकायला येते का?

दरवर्षी जानेवारीत आशियाभर पाणपाखरांची गणना होते. आपल्याकडे ती १९८७ पासून चालू आहे. पक्षिमित्र मंडळी पदरमोड करून, दुर्बिणी घेऊन तलावांवर जातात, त्यांचे कौतुकच आहे. पण मोजणी करणाऱ्याची पहिली अट काय? पाखरू उडता कामा नये. एका कोपऱ्यातला थवा उठला आणि पलीकडच्या काठाला जाऊन बसला की तोच थवा दोनदा मोजला जातो, नाहीतर मोजायचा राहून जातो. म्हणजे वारा बघणे, ऊन पाठीशी घेणे, टिटवी चुकवणे, माना वर झाल्या की थांबणे, सगळे तेच. शिकाऱ्याचे अर्धे शिक्षण गणकाला लागतेच. मग ज्याच्या रक्तात ते आहे त्यालाच मोजणीला का बोलवू नये?

पाखरू उगाच उठवणे हा आणखी एक प्रश्न आहे, आणि त्यात बंदूक न धरणारेही दोषी आहेत. हजारो कोस उडून आलेल्या पाखराने इथे चार महिने चरून अंगावर चरबी धरायची असते, तीच परतीच्या वाटेची शिदोरी. दिवसातून दहा वेळा त्याला उठवले तर ती शिदोरी फडफडण्यातच संपते. रोहितांचा थवा उडताना फोटो झकास येतो म्हणून होडी थेट थव्यात घालायला लावणारे पाहुणे आहेत आणि चार पैसे जास्त मिळतात म्हणून घालणारेही आहेत. गाळावर मोटारसायकली पळवणारी, मोबाइल धरून पाखरांमागे धावणारी मंडळी आहेत. जिथे माणूस त्रास देतो तिथे पाखरू माणसाला लांबूनच बिचकते आणि शेवटी ती जागाच सोडते. मग ना पाहुणा, ना होडी, ना पैसा.

शेतकऱ्यांची तक्रारही ऐकली पाहिजे. गाळपेरीच्या हरभऱ्यात, गव्हात पट्टकादंब आणि कांड्या करकोचे उतरतात तेव्हा नुकसान होते. ज्याने खंड भरून, उसनवारी करून बियाणे टाकले त्याला 'पाखरे देशाचे वैभव' हे ऐकून काय समाधान मिळणार? त्याच्या हातात विषाची पुडी जाऊ नये असे वाटत असेल तर त्याच्या नुकसानीचा पंचनामाही व्हायला हवा.

आमच्या मागण्या

पहिली मागणी वनखात्याकडे. जिल्ह्यातल्या मोठ्या तलावांवर पाखरांची माहिती असलेल्या स्थानिक माणसांची यादी करावी, त्यात पारधी आणि भोई समाजाच्या तरुणांना आधी घ्यावे. जानेवारीच्या गणनेत त्यांना सोबत घ्यावे आणि त्या दिवसांची रीतसर मजुरी द्यावी. फुकटच्या शाबासकीने चूल पेटत नाही. हिवाळ्याचे चार महिने काठावर पहारा ठेवायला याच माणसांना ओळखपत्र देऊन नेमावे. फासा कुठे मांडला जातो हे ज्याला मांडता येतो त्यालाच आधी दिसते.

दुसरी मागणी पोलिसांकडे. कारवाई करताना पाल आणि बंगला असा भेद नको. मांस घेणाऱ्याला मोकळे सोडून विकणाऱ्यालाच धरायचे, हा शिरस्ता बंद व्हावा. गिऱ्हाईक आहे तोवर जाळे लागणारच.

तिसरी मागणी ग्रामपंचायती आणि होडीवाल्यांकडे. थव्यापासून किती अंतरावर होडी थांबवायची हे आपसात ठरवा आणि पाळा. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वरला १९८६ साली अभयारण्य झाले आणि २०२० साली महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून त्याचे नाव जगाच्या नकाशावर गेले. उजनीच्या काठालाही तेवढी पाखरांची श्रीमंती आहे. ती टिकवणे मात्र काठावरच्या गावांच्या हातात आहे.

आणि चौथे सांगणे वाचकहो, तुम्हालाच. तुमच्या गावात एखादा म्हातारा असेल, ज्याला नुसत्या आवाजावरून पाखरू ओळखता येते, पंखांच्या फडफडीवरून थवा किती मोठा ते सांगता येते, कुठल्या वाऱ्याला कुठल्या काठाला पाखरू बसेल ते ठाऊक आहे. तो आता जाळे लावत नसेल, थकला असेल. एका रविवारी पहाटे घरातल्या पोरांना त्याच्या हाती द्या. गडद रंगाचे कपडे घालायचे, मोबाइल खिशात बंद करून ठेवायचा आणि त्याच्या पावलावर पाऊल टाकत बांधाआडून जायचे. पंचवीस पावलांवर पट्टकादंब निवांत चरताना पाहून, एकही पाखरू न उठवता तसेच दबकत मागे यायचे. पोरांनी पाखरे मोजून वहीत लिहावीत, म्हाताऱ्याने सांगितलेली नावेही लिहावीत.

ही माणसे एकेक करून जात आहेत. त्यांच्या मुलांनी जाळे टाकले ते बरेच केले. पण जाळ्यासोबत वाऱ्याची, पाण्याची आणि पाखराची ओळखही टाकून दिली, तर तो तोटा पारध्याचा एकट्याचा नाही, आपल्या सगळ्यांचा आहे. येत्या जानेवारीच्या गणनेआधी वनखात्याने निदान एका तलावापासून सुरुवात करावी. कुठल्या गावाने यात पुढाकार घेतला ते आम्हाला कळवा. त्या गावाचे नाव याच पानावर छापू.